आधी पाय, मग श्वास

१

शीना मॅकाल्पिनचं काम लोकांच्या झोपेशी होतं, पण ते ती दिवसाढवळ्या करायची. न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला, इन्व्हरकार्गिलच्या एका इस्पितळात दुसऱ्या मजल्यावर दोन पलंगांची स्लीप लॅब होती. रात्री पेशंट तिथे अंगभर तारा लावून झोपायचे आणि मनासे नावाचा, तोंगा बेटांवरून आलेला धिप्पाड तंत्रज्ञ शेजारच्या खोलीतून त्यांच्यावर लक्ष ठेवायचा. सकाळी तो घरी गेला की शीना येऊन रात्रीचं सगळं रेकॉर्डिंग पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढायची. तिची खोली म्हणजे एक टेबल, दोन मॉनिटर, पायाशी हीटर आणि गाड्या लावायच्या जागेकडे उघडणारी एक खिडकी. दक्षिणेकडून वारा सुटला की खिडकीची काच बारीक आवाजात थरथरायची. डब्यात चीज-रोल, थर्मासमध्ये चहा. याच खोलीत तिची वीसेक वर्षं गेली होती आणि कंटाळा कसा तो तिला आला नव्हता. कुणी अनोळखी माणूस आपल्या भरवशावर झोपतो, याचं तिला अजूनही अप्रूप होतं.

त्यातही तिला पाय मोजायला आवडायचं. काही माणसांचे पाय झोपेत ठरावीक अंतराने झटके देतात. अंगठा वर उचलला जातो, घोटा वळतो, कधी गुडघाही हलतो. झोपलेल्याला पत्ता नसतो, शेजारी झोपणाऱ्याला मात्र लाथा बसतात. दोन्ही नडग्यांवर चिकटवलेल्या चकत्यांमधून तो झटका मॉनिटरवर येतो, सरळ चाललेल्या रेघेवर मध्येच दाट केसांचा ब्रश उभा राहावा तसा. एकटादुकटा झटका मोजायचा नाही. चार तरी ओळीने यायला हवेत, त्यांच्यात बेताचं अंतर हवं, तरच त्यांना पायाचा आजार म्हणायचं. आणि श्वास थांबून पुन्हा सुरू होताना जो झटका येतो, तो तर पायाच्या खात्यात धरायचाच नाही. तिथे मूळ दुखणं श्वासाचं असतं. माणूस गुदमरतो, मेंदू दचकून जागा होतो, छाती हवा ओढते आणि त्या धांदलीत पायही उडतो. आधी श्वास, मग पाय. फार तर दोन्ही बरोबरीने.

तामाती लीथच्या रेकॉर्डिंगमध्ये हे उलटं होतं.

२

तामाती ब्लफ बंदरातला, कालवं काढणाऱ्या बोटीवर जन्म काढलेला माओरी माणूस. सत्तरी ओलांडली होती, पण खांदे अजून दाराएवढे रुंद. बायको मेरेआना तीन वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून तो एकटाच राहत होता. मुलगी हुइया डनीडनहून चार दिवस राहायला आली आणि भिंतीपलीकडून बापाचं घोरणं ऐकता ऐकता ते एकदम बंद पडल्याचं तिच्या लक्षात आलं. ते इतका वेळ बंद राहिलं की ती अनवाणी धावत गेली. ती दाराशी पोचली तेव्हा बाप पुन्हा घोरत होता. दुसऱ्याच दिवशी तिने डॉक्टरांना फोन केला.

शीनाने रेकॉर्डिंग उघडलं आणि तिला हुइयाची भीती पटली. श्वासाची रेघ सपाट व्हायची, पोट उगाचच वरखाली व्हायचं, रक्तातला प्राणवायू जिना उतरल्यासारखा खाली खाली जायचा. मग डाव्या नडगीच्या रेघेवर ब्रश उठायचा आणि तो पुरता ओसरल्यावर मोठ्ठा श्वास. दर वेळी असंच. उजवी नडगी रात्रभर गप्प होती.

तिला पहिली शंका आली ती तारांची. एखादी तार मागेपुढे नोंद करत असेल तर सगळाच घोळ होतो. मनासेला दिवसा झोपू द्यायचं असतं म्हणून ती दुपार उलटेपर्यंत थांबली आणि मग फोन केला. मनासे जांभई देत म्हणाला, की सगळ्या तारा एकाच पेटीत जातात, कॅमेराही त्याच घड्याळावर चालतो, मागेपुढे व्हायला जागाच नाही.

"आणि मावशी, पेशंट गुणी आहे हो," तो पुढे म्हणाला. "सकाळी तारा काढताना उठून बसला आणि आभार मानले. मी म्हटलं, माझं कामच आहे ते. तर म्हणतो, तुझे नाही मानले, तुझे आता मानतो."

मनासेला ते गमतीचं वाटलं होतं. शीनाही हसली, आणि फोन ठेवल्यावर तिने व्हिडिओ उघडला.

३

पाय मोजताना सहसा व्हिडिओ बघावा लागत नाही. रेघा पुरतात. कॅमेरा दाराच्या वर, छताला लागून बसवलेला होता. अंधारात दिसणारं ते चित्र राखाडी असायचं, सगळ्यावर राख भुरभुरल्यासारखं. पलंगाचा पायथा जवळ, उशी लांब. उशीमागच्या भिंतीवर तारांची पेटी होती आणि तिच्यावरचा बारीक दिवा चित्रात पांढऱ्या ठिपक्यासारखा दिसायचा.

तामाती उताणा झोपला होता. श्वास थांबला. शीना वाट बघत राहिली. पांघरूण डाव्या पावलापाशी ताणलं गेलं. मग आख्खा पाय पायथ्याकडे सरकला, गुडघा सरळ झाला, पाठोपाठ कंबरही थोडी खाली आली आणि चादरीला सुरकुत्या पडल्या. तेवढ्यात त्याने झोपेतच पाय वर ओढून घेतला आणि घशातून मोठा आवाज करत हवा आत घेतली.

तिने ते पुन्हा लावलं, अगदी सावकाश. झटका देणारा पाय स्वतःकडे वळतो, बोटं नडगीच्या दिशेने येतात. हा पाय लांब जात होता. आणि तो जात असताना नडगीची रेघ सरळ होती. ब्रश उठला तो त्याने पाय परत ओढून घेताना. म्हणजे जो झटका ती मोजत होती, तो नंतरचा होता. पहिली हालचाल झाली तेव्हा स्नायू झोपेतच होता.

शीना खुर्चीत मागे टेकली. हीटर टकटक करत होता. बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. ती स्वतःशी म्हणाली, चित्र आणि रेघा जुळत नसतील, दुसरं काय असणार. ते पडताळून बघायला तिने तामाती खोकला ती जागा शोधली. खोकला आणि रेघ तंतोतंत जुळत होते. त्याने नाक खाजवलं ती जागा शोधली, तिथेही जुळत होते. गादीला उतार असेल म्हणावं, तर त्याच गादीवर आदल्या रात्री एक शाळामास्तरीण झोपली होती आणि ती बोटभरही सरकली नव्हती.

तिने बाकीच्या जागा पाहिल्या. सगळीकडे तेच. पाय सरके, थोडा थांबे, आणि श्वास आला नाही तर पुन्हा सरके, या वेळी जोराने.

४

डॉक्टर ऑलिफंट ही उरकाउरकी करणारी पण कामाला सच्ची बाई. तिने पायांकडे नजर टाकून न टाकल्यासारखं केलं आणि प्राणवायूच्या आकड्यांवर बोट ठेवलं. ती म्हणाली, हा माणूस रोज रात्री बुडतोय आणि वर येतोय, त्याचं हृदय हे किती दिवस सोसणार. पायांचं मागाहून बघू. याला मास्क लागणार, रात्रभर नाकातून हवा ढकलणारा, आणि तो लगेच लागणार. शीनाला त्यात खोडून काढण्यासारखं काही दिसलं नाही. नियमाप्रमाणे ते सगळे झटके श्वासाच्या खात्यात गेले, आणि पायांच्या रकान्यात तिने शून्य लिहिलं. लिहिताना तिला चुकल्याचुकल्यासारखं झालं.

एरवी ती पेशंटना भेटत नसे. तामाती मास्कची मापं द्यायला आला, तेव्हा मात्र ती मुद्दाम नर्सच्या ऐवजी स्वतः गेली. हुइया गाडी लावायला जागा शोधत होती. खोलीत दोघंच होते. नाकाचं माप घेता घेता शीनाने विचारलं, रात्री पायाला काही जाणवतं का.

तामातीने तिच्याकडे पाहिलं.

"तुला दिसलं का?"

"काय?"

"म्हणजे दिसलं," तो म्हणाला आणि त्याचे खांदे सैल पडले. इतके दिवस एकट्याने उचललेलं काहीतरी खाली ठेवल्यासारखे.

मग त्याने आपणहून सांगितलं. दर वर्षी एप्रिल लागला की तो आणि मेरेआना दक्षिणेच्या बेटांवर समुद्रपक्ष्यांची पिल्लं धरायला जायचे. तिथल्या पत्र्याच्या खोपटात झोपायला अरुंद फळी, म्हणून दोघं उलटसुलट झोपायचे, याचं डोकं तिच्या पायाशी. त्याचं घोरणं बंद पडलं की ती झोपेतल्या झोपेत चार शिव्या हासडायची आणि त्याचा डावा पाय ओढायची. पुढे घरीही तीच सवय लागली. ती गेल्यावर पहिले काही महिने तो रोज सकाळी दगडासारखं जड डोकं घेऊन उठायचा. एकदा तर उठून चहाची किटली कुठे असते तेच आठवेना. मग एका रात्री कुणीतरी पाय ओढला. तेव्हापासून एक रात्र चुकलेली नाही. सकाळी चहाच्या आधी तो पलंगावर बसून आभार मानतो.

"मेरेआनाच असणार," शीना म्हणाली. तिला ते मनापासून म्हणावंसं वाटलं.

"हुइयाला मी तेच सांगितलंय." त्याने दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "पण पोरी, मेरेआनाचा हात केवढासा. माझ्या घोट्याला पकड बसायला तिला दोन्ही हात लागायचे. हा एकच हात असतो. घोट्याला वेढा घालून वर बोटं उरतात."

शीनाच्या हातातली मापाची पट्टी तशीच राहिली.

"मग कोण आहे?"

"मी विचारत नाही. तरणा होतो तेव्हा एकदा बोटीवरून सामुद्रधुनीत पडलो होतो. कुणीतरी कॉलरला धरून वर ओढलं. हात कुणाचा ते तेव्हा बघत बसलो नाही, आताही बघत नाही."

५

मास्क लावायला मात्र तो तयार होईना. हुइया समजावून थकली, मग चिडली, मग रडली. बाप नुसता टोपी फिरवत बसला. शेवटी ती पाणी आणायला बाहेर गेली तेव्हा तो शीनाला म्हणाला, की मास्क लावला तर पाय ओढणाऱ्याला यायचं कारणच उरणार नाही. जो इतकी वर्षं माझ्या उशापायथ्याशी रात्र रात्र जागला, त्याला काय मी दारातून वाटेला लावू?

शीनाला वाटलं, आपण आता त्याला हृदयाबद्दल सांगावं, डॉक्टरांचे आकडे दाखवावेत. ती बोलली ते वेगळंच.

"तो जागतोय कशासाठी? तुम्ही जगावं म्हणूनच ना. मग ते काम मास्कने केलं तर त्याला वाईट का वाटेल? दमला असेल हो तो. किती ओढायचं एकट्याने."

स्वतःच्या तोंडून हे ऐकून ती चपापली. तामातीची टोपी फिरायची थांबली. मग म्हणाला, ठीक आहे. पण मास्क लावून इथे झोपेन त्या रात्रीचं सगळं तू स्वतः बघायचं, आणि तो कसा गेला ते मला सांगायचं. खोटं सांगायचं नाही. शीनाने शब्द दिला.

मास्कची रात्र झाली त्या सकाळी मनासे घरी गेलेला नव्हता. शीनाच्या खोलीत हीटरपाशी उभा राहून तो कॉफी पीत होता. सगळं उत्तम झालं, तो म्हणाला, म्हातारा लहान मुलासारखा झोपला. मग कपात बघत म्हणाला, की मध्ये एकदा मानेजवळची एक तार सुटत आली होती. ती नीट करायला तो दारापर्यंत गेला आणि तसाच परत आला.

"का रे?"

"आत कुणीतरी बसलंय असं वाटलं, मावशी. पेशंटला भेटायला आलेलं. माणसं बोलत बसलेली असली की आपण कसे आत घुसत नाही, तसं झालं. भीती नाही वाटली." त्याने थोडा विचार केला. "बरं दिसणार नाही, असं वाटलं. बायकोला सांगितलं तर ती म्हणेल, प्रार्थनेला येत जा आणि जेवण कमी कर."

तो हसला, जॅकेट चढवून निघून गेला, आणि जाताना दार ओढून घ्यायला विसरला. शीनाने उठून ते लावलं. मग काही सुचल्यासारखं पुन्हा थोडं उघडं ठेवलं.

६

सकाळचं ऊन टेबलावर आलं होतं. तिने चहा ओतला, चीज-रोल बाहेर काढला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं.

मनासेने हवेचा दाब हलक्या हाताने वाढवत नेला होता. तसतशी श्वासाची रेघ सुधारत गेली होती, आणि मग ती एकसारख्या लाटांनी वाहू लागली होती. प्राणवायू कुठेही घसरला नव्हता. शीनाला भरून आलं. हे असं रेकॉर्डिंग बघायला मिळतं म्हणून तर ती या खोलीत टिकून होती.

डाव्या नडगीवर मात्र ब्रश उठतच होते. श्वास कुठेही अडत नसताना, एकामागून एक, बेताच्या अंतराने. आता ते नियमात चोख बसत होते. तिने ते मोजले, खुणा केल्या. मग व्हिडिओ लावला.

पाय ओढला जात होता, पण पूर्वीसारखा नाही. सुरुवातीला एकदोनदा जोर होता. मग तो कमी होत गेला. पुढे पुढे पांघरूण नुसतं दबायचं आणि सुटायचं, पाळण्यातल्या मुलाच्या अंगावर हात ठेवून खात्री करावी तसं. ठेवायचा, थांबायचा, उचलायचा. मग अंतर वाढलं. मग ते थांबलं.

थांबलं त्याच सुमाराला पलंगाच्या पायथ्याशी गादीची कड सावकाश वर आली.

शीनाला आधी कळलंच नाही की आपण काय पाहिलं. तिने रेकॉर्डिंग मागे नेलं. गादीची ती कड दबलेली होती. आणखी मागे नेलं. तामाती पलंगावर यायच्या आधी कड सरळ होती, तो झोपल्यावर थोड्याच वेळात दबली होती, आणि तशीच राहिली होती. तिने पहिल्या रात्रीचा व्हिडिओ उघडला. तिथेही कड दबलेली, रात्रभर. इतके दिवस ती त्या दबलेल्या जागेकडे बघत होती आणि गादी जुनी झाली म्हणून मनात नोंदही करत नव्हती.

चहा निवला होता. तिने रेकॉर्डिंग पुढे चालू केलं.

उशीमागचा पांढरा ठिपका गेला. पेटी बंद पडली असावी म्हणून तिने रेघा पाहिल्या. सगळ्या जागच्या जागी, एकही तुटलेली नाही. म्हणजे दिवा चालू होता. मध्ये काहीतरी आलं होतं. खोलीत काहीच दिसत नव्हतं, फक्त तो ठिपका नव्हता.

उशीच्या वर घोरणं टिपायला मायक्रोफोन होता. शीनाने हेडफोन कानाला लावले. मास्कमधून वाहणाऱ्या हवेचा सूं आवाज. त्याखाली तामातीचा श्वास. आणि त्या दोन्हींच्या अगदी जवळ तिसरा. श्वास ऐकण्यातच तिचं आयुष्य गेलं होतं, त्यामुळे तिथे तिची चूक होणं शक्य नव्हतं. तो फार खोल होता, आणि तामातीच्या श्वासाला धरून चालला होता. हा घेई तेव्हा तो घेई, हा सोडी तेव्हा तो सोडी. असं बराच वेळ चाललं. शेवटी त्या तिसऱ्याने एकट्यानेच एक लांबलचक उसासा सोडला, भरलेलं जाळं एकदाचं बोटीत आलं की सोडावा तसा.

पांढरा ठिपका परत आला.

मग चित्र एका बाजूने काळं व्हायला लागलं. कॅमेरा दाराच्या वर होता, छताला लागून. तिथपर्यंत माणसाचा चेहरा पोचत नाही, मनासेचाही नाही. त्या काळोखाला कड होती, आणि ती कड अगदी किंचित, श्वास घेणाऱ्या अंगासारखी, हलत होती. तो कॅमेऱ्यासमोर येऊन थांबला. पुढे जाईना. शीनाच्या मनात आलं, हा कॅमेऱ्याकडे कशाला बघेल. सकाळी जो कुणी हे बघायला बसेल, त्याच्याकडे बघतोय.

ऊन होतं, खाली गाड्या ये-जा करत होत्या, बाहेरच्या बोळातून जेवणाची ट्रॉली खडखडत गेली. बटण दाबून पुढे जाता आलं असतं. तिने हात मांडीवर ठेवले.

"बरा आहे तो," ती मॉनिटरला म्हणाली. "शांत झोपलाय. तुमचे फार उपकार झाले."

काळोख सरला. राखाडी खोली, पलंग, झोपलेला म्हातारा.

हे कालचं रेकॉर्डिंग आहे, शीनाने स्वतःला बजावलं. जे व्हायचं ते रात्रीच होऊन गेलंय, माझं बोलणं त्याला कुठून ऐकू जाणार. खात्रीच करायची तर तेवढा भाग पुन्हा लावून बघता आला असता, ती न बोलता तो किती वेळ थांबतो ते. तिचा हात बटणापर्यंत गेला आणि परत आला. वेगळं काही दिसलं असतं, तर उद्या या खोलीत पाय ठेवणं तिला जमलं नसतं.

७

त्या झटक्यांबद्दल तिने डॉक्टर ऑलिफंटला सांगितलं. मास्कच्या पहिल्या रात्री पाय असे उडताना दिसतात पुष्कळांचे, ती म्हणाली, आपोआप शांत होतात. हेही खरंच होतं. आणि झालेही ते शांत. तामातीच्या घरच्या यंत्रातले आकडे येत गेले, एकाहून एक चांगले.

महिन्याभराने तो स्वतःच आला, एकटा, गाडी चालवत. चेहऱ्यावर रंग आला होता. त्याने शीनासमोर ताज्या कालवांचा डबा ठेवला आणि टोपी काढून बसला. शीनानेच सुरुवात केली.

"आधी बराच वेळ खात्री करत होता," ती म्हणाली. "मग उठला. तुमच्या उशाशी येऊन श्वास ऐकला. मग गेला."

"रागावून?"

"नाही. दमला होता. सुटल्यासारखा वाटला."

तामातीने मान हलवली. त्याचे डोळे भरून आले आणि त्याने ते पुसले नाहीत. बरं वाटलं, तो म्हणाला, इतकं कळलं की पुरे. शीनाने खोटं काही सांगितलं नव्हतं. फक्त कॅमेऱ्यापर्यंत आणून गोष्ट थांबवली होती.

निघताना दारात त्याने सहज विचारलं, तुला स्वतःला झोप कशी लागते गं. इतक्या वर्षांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं. चांगली लागते, ती म्हणाली, आणि तिला ते तसंच वाटत होतं.

रविवारी दुपारी तिने त्यातली उरलेली कालवं लिंबू पिळून पाव-लोण्याबरोबर खाल्ली. बाहेर वारा होता, घरात उबदार होतं. रेडिओवर सामन्याचं वर्णन लागलं होतं. अंगावर लोकरी शाल ओढून ती सोफ्यावर आडवी झाली आणि तिचा डोळा लागला.

ती जागी झाली ती पाण्याखालून वर आल्यासारखी. छाती भात्यासारखी चालली होती, घसा सुकला होता, कानात ठोके पडत होते. रेडिओवरचा सामना संपून दुसरंच काहीतरी चाललं होतं. सोफ्यावर ती आडवी झाली होती त्या जागी आता नव्हती. कंबर खाली सरकली होती, मान उशीवरून घसरून वाकडी झाली होती, आणि डावा पाय सोफ्याच्या टोकापर्यंत सरळ ताणलेला होता.

झोपेच्या काठावर माणूस दचकतो, तिने स्वतःला सांगितलं. सगळ्यांनाच होतं. पण पोटरी ढिली होती, नडगीत कुठेही पीळ नव्हता. तिच्या स्नायूंनी काहीच केलं नव्हतं.

तिचा नवरा रॉस ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलंडला निघून गेला त्याला आता नऊ वर्षं झाली होती. तिच्या घोरण्यावरून तो कुरकुरायचा, आणि ती म्हणायची, पेशंट तक्रार करत नाहीत, तूच कशी करतोस. त्यानंतर या घरात तिचा श्वास ऐकायला कुणी नव्हतंच. किती दिवसांपासून हे चाललं असेल, कोण सांगणार. आज ती उठली नसती तर उद्या-परवापर्यंत कुणाला कळलंही नसतं. आधी मनासेनेच फोन केला असता.

घोट्याभोवतीची पकड अजून होती. घट्ट नव्हती. गार नव्हती, गरमही नव्हती. शीना छताकडे बघत राहिली. खाली बघायला फक्त मान उचलायची होती. कोण, हा शब्द तिच्या ओठांपर्यंत आला आणि तिने तो गिळला.

"उपकार झाले," ती म्हणाली.

उद्या मनासेला सांगायचं, माझ्यासाठी एक पलंग राखून ठेव म्हणून. तो थट्टा करेल, मग करेल व्यवस्थित. हे तिने मनाशी पक्कं ठरवलं आणि तिला एकदम रडू आलं, पण ते भीतीचं नव्हतं. रडू ओसरल्यावर तिने मान उशीवर घेतली, शाल छातीपर्यंत ओढली आणि डोळे मिटले. मग ती मुद्दाम सावकाश श्वास घेऊ लागली. एकसारखा, जरा मोठ्याने, पायथ्याशी बसलेल्याला ऐकू जाईल असा. घ्यायचा, सोडायचा. आपण बऱ्या आहोत हे त्याला कळावं म्हणून ती कितीतरी वेळ तसा श्वास घेत राहिली.

सोफ्याची कड तिच्या पायाशी दबलेलीच होती. आणि थोड्या वेळाने, तिच्या श्वासाला धरून, पायथ्याकडूनही एक श्वास येऊ लागला.